रद्द

सोहारमध्ये रविवार हा सोमवार असतो.
सात पन्नासला शमसाबाई येतात,
अबायाच्या बाहीतून कार्ड काढतात, दार टिंग करतं,
आणि त्या टिंगचीसुद्धा
आमच्या सर्व्हरवर एक ओळ होते.

आम्ही चौघं.
जिन्सी रात्रीतून आलेला डेटा निवडते, तांदूळ निवडावेत तसा.
इमाद रंग ठरवतो: लाल कुठे लागायचा, कुठे नाही,
यावरून तो कुलगुरूंच्या कार्यालयाशी
फोनवर अलेक्झांड्रियाच्या आवाजात भांडतो.
मी साफ करतो.
अमळनेरचा माणूस, परक्या नोंदींवरची धूळ झटकायला
समुद्र ओलांडून आलेला.
एकच मैमूना पाच स्पेलिंगांत.
फोनच्या रकान्यात 'मामाचा नंबर'.

आपली निम्मी कचेरी या बाजूनं आलीय
हे मला इथे कळलं.
शमसाबाई मथळे वाचतात:
तारीख. हिसाब. तफसील. बाकी. हाजिर. गाइब.
मी न शिकताच मान हलवतो.
अण्णा झेडपीच्या शाळेत हेडमास्तर,
महिनाअखेरीला हजेरीपट मांडीवर घेऊन बसायचे.
"आडवा आणि उभा, दोन्हीकडून जुळला पाहिजे रे."
नाही जुळला तर जेवण गार.

तर नोव्हेंबरात एक रकाना आला,
समुपदेशकांचे शेरे, हाताने टाइप केलेले.
अक्षरं तेवढी शिकलो होतो मी.
सदतीस ओळींत तेच दिसलं:
रे आणि दाल. रद्द.
शब्द ओळखीचा होता, तिथेच घोटाळा.
मी एक नियम लिहिला, चार ओळींचा, नेटका,
आणि सदतीस मुली पटावरून उतरवल्या.

भागिले खालचा आकडा लहान झाला
की टक्केवारी आपोआप उंचावते,
हे सातवीच्या पोरालाही कळतं.
टिकून राहिलेल्या विद्यार्थ्यांचा आलेख दोन अंश वर गेला.
वरच्या मजल्यावरून खजुरांचा डबा आला,
बदाम घातलेला,
सोबत आभाराचं कार्ड.
आम्ही खाल्ले. मी तीन खाल्ले.

फेब्रुवारीत बाईंनी सहज म्हणून
मूळ शेरे उघडले.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग स्क्रीनला नख लावून हळू वाचलं:
ला यूजद रद्द.
"हे काय म्हणतंय, ठाऊक आहे?"
मी म्हणालो, नाव रद्द.
"रद्द म्हणजे उत्तर," त्या म्हणाल्या.
"फोन केला. उत्तर नाही. एवढंच लिहिलंय."

जिन्सीनं पाण्याची बाटली उघडली आणि तशीच ठेवली.

दुपारपर्यंत सदतीसही परत आणल्या.
आलेख खाली आला. इमादनं तो लाल ठेवला
आणि त्या दिवशी कुणाशी भांडला नाही.
मग एकेक ओळ लावून बघितली, तेव्हा दिसलं
की एकतीस जणी एकाच बसच्या,
वादी हीबीकडे जाणाऱ्या.
बस अडीचला सुटते.
रसायनशास्त्राची प्रयोगशाळा तीनला सुरू होते.
हे दोन तक्ते दोन वेगळ्या खात्यांत राहतात,
आणि त्यांची गाठ घालून देणं
हेच खरं तर आमचं काम, नेमणूकपत्रात लिहिलेलं.

उरलेल्या सहाजणींचं काय, ते अजून कळलेलं नाही.

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं.
ते म्हणाले, "पट जुळला म्हणून
पोरं वर्गात आहेत असं कोण म्हणालं तुला?"
मग पलीकडे टीव्हीचा आवाज.

आज बाईंनी टेबलावरचा फोन ओढला,
आणि मैमूनाचा, म्हणजे तिच्या मामाचा, नंबर फिरवला.
आम्ही तिघं आपापल्या स्क्रीनकडे बघत
कान तिकडे.
रिंग. रिंग. मागे शेळ्या,
मग एक पुरुषी आवाज: ती रानात गेलीय,
मग्रिबनंतर करा.

मग्रिबनंतर ऑफिस बंद असतं.
बाईंनी माझं पेन मागितलं
आणि नंबर तळहातावर लिहून घेतला.