रकाना सतरा

सांवेर रोडच्या शेडमध्ये, पंख्याखाली,
मी गाद्यांच्या जन्मपत्र्या मांडते आहे.
भोपाळचे साहेब सांगून गेले,
दोनेक वर्षांत नियम येतील,
माल बाहेर पाठवायचा तर
प्रत्येक गादीला पासपोर्ट लागेल.
सगळे हसले.
आमच्या अठरा जणांत पासपोर्ट एकट्या शरफू चाचांचा,
हजसाठी काढलेला, अजून कोरा.

रकाना एक, नाव. रकाना दोन, वजन.
इथवर सोपं.
रकाना पाच, फोम कुठला?
देवासचा.
आणि देवासला कुठून?
फोन लावला. तिकडचा म्हणाला, मॅडम,
अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नाही.

आणि मधला तो थर,
चिवड्यासारखा रंगीत, वडीसारखा दाबलेला,
कुठल्या बसची सीट, कुणाचा सोफा,
कुणाच्या आजारपणातली उशी,
त्याचं मूळ गाव काय लिहू?
"मिश्र" लिहिलं. खोडलं.
"माहीत नाही" लिहिलं.
जमीलभाई म्हणाले, असं लिहितात का कुठे?
म्हटलं, आपल्याकडे खरं एवढंच आहे.

चाचांचे अब्बा मल्हारगंजात धुनकी घेऊन फिरायचे.
बोळाच्या तोंडाशी तात वाजली
की आमच्या आत्या जुनी गादी ओट्यावर आणून टाकत.
टाके उसवत, कापूस बाहेर,
अख्ख्या आळीच्या डोळ्यांदेखत.
सरकी निघे, काडी निघे,
एकदा चांदीचं जोडवं निघालं,
ज्याच्यापायी सगुणाला कामावरून काढून
दोन वर्षं झाली होती.
त्या दिवशी कुणी जेवलं नाही म्हणतात.
सगुणाला बोलवायलाही कुणी गेलं नाही.

रकाना सतरा:
आयुष्य संपल्यावर ही वस्तू कशी उघडाल?

मी मोठ्यानं वाचलं.
शेडमध्ये गोंदाचा फवारा चालू होता,
थरावर थर बसत होता,
जो ओढला तर फाटतो, सुटत नाही.
चाचा दाभणाला मेण लावत होते,
मान वर न करता म्हणाले,
"शिवलेलं उसवतं, बेटी.
चिकटवलेलं फाडावं लागतं.
लिही एवढंच."

जमीलभाईंनी कॅल्क्युलेटर काढला.
गोंदाला चार मिनिटं, टाक्यांना चाळीस.
माणसं कुठून आणू?
वरचा भाव कोण देणार?
आणि चाचांचे डोळे किती दिवस?
ह्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं,
भोपाळच्या साहेबांच्या कागदांतही नव्हतं.

संध्याकाळी फॉर्म मिटताना पाहिलं,
सोळापर्यंत निळी शाई,
पुढे पांढरं.
जमीलभाई शिडी लावून माळ्यावर चढले होते.
जुन्या दाभणांचा डबा खाली आणला,
झाकण उघडलं, गंज पाहिला,
एक दाभण पँटला घासून उजेडात धरलं.

डबा परत वर ठेवला नाही.