घट्टा

फैजपुरात ळ टिकत नाही.
केळीची केयी होते, गोळीची गोयी,
जिभेवर घासून घासून मऊ.

नामदार तडवी महिन्याच्या पाच तारखेला
पायाची धूळ पायरीवर झटकायचा
आणि म्हणायचा, ‘ताई, साखरची गोयी.’
मी द्यायचे. पांढरी, बारीक, सगळ्यांत स्वस्त.
सतरा वर्षं.

घड वाहून उजव्या खांद्यावर घट्टा.
पहिल्या हंगामात सोललं होतं म्हणे, मग पाणी भरलं,
मग तिथं काहीच लागेना.
‘सुई बी नाही शिरत,’ तो हसून दाखवायचा.
आयुष्यभर केळी उचलली,
खायची मात्र मनाई.

मागच्या चैत्रात दोनतीनदा म्हणाला,
फळीवरून ट्रकात चढताना कयमय होते,
बसलं की राहते.
मी गॅसची पुडी दिली.

लाईट गेलेल्या एका रात्री
डॉक्टर भारंबे काउंटरला टेकून बोलत होते:
हृदयालाही घट्टा पडतो.
थोडं रक्त अडतं, परत येतं, पुन्हा अडतं,
आणि पेशी शिकतात.
भिंतीतले बारीक दरवाजे उघडतात,
हतनूरचे उघडतात तसे, लोंढा यायच्या आधी.
– आणि ही गोळी?
– ती दरवाजे बंद करते.
स्वादुपिंडातले करावेत म्हणूनच देतो आपण,
तेव्हा कुठे इन्सुलिन सुटतं.
पण तसेच दरवाजे हृदयातही असतात,
आणि तिला पत्ता वाचता येत नाही.
– नक्की?
– सशांत दिसलंय. माणसांत कुठे हो, कुठे नाही.
सगळ्या गोळ्या सारख्या नसतात.
मेणबत्ती संपली. ते घरी गेले.

वैशाखात भालोदच्या बागेत
नामदार फळीवर मधोमध थांबला,
खांद्यावरचा घड आधी नीट खाली ठेवला,
मग पडला.
जळगाव गाठायला दोन तास.
वाचला. डावीकडची एक भिंत
आता हलत नाही, एवढंच.

त्या गोळीनं केलं? मला माहीत नाही.
त्याच गोळीवर त्याचे डोळे राहिले, पाय राहिले,
त्याच गोळीवर गावात अजून वीसेक जण आहेत,
परवा त्यातलाच एक नातीच्या लग्नात
बँडपुढे तासभर नाचला.
पुडीचं मात्र माहीत आहे.
ती मी दिली होती.

आज पाच तारीख.
चिठ्ठी नवी, गोळ्या चार रंगांच्या,
पैसे मुलगा मोजतोय.
नामदार आता घड उचलत नाही, नुसते मोजतो.
सदऱ्याची गुंडी काढून खांदा पुढे करतो:
‘घट्टा उतरू राह्यला, ताई.
पोपडे निघतात अंघोयीला.
खालची कातडी पाहा, लहान पोराची.’

गुलाबी आहे, खरंच.
बोट लावलं तर दुखेल अशी.

मी चिठ्ठी उजेडाकडे धरते,
डोस परत एकदा वाचते.