पाव वर्तुळ

रात्री दहाला तोनीर निवत आला होता,
निखाऱ्यांवर राखेची साय धरली होती,
तेव्हा माझा भाचा त्सोलाक नळ्या घेऊन आला.
दोन-दोन मीटरच्या, करड्या, प्लंबरच्या.
"वार्सेनिक मावशी, भट्टी विझवू नकोस,
वाळू तापवायची आहे."

पाच आणल्या होत्या. एक अंगणातच मोडली.
ग्युमरीचा जानेवारी तो,
दाराच्या कडीला हात लावला तर कातडी मागे राहील असा.
त्यात नळी वाकवायला गेलास, गाढवा?
सिनेमावाल्यांचा रूळ म्हणे भाड्यानं मिळतो,
येरेवानला, एका दिवसाला माझ्या महिन्याच्या पिठाइतके पैसे.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडं.
इथे नळीच वाकडी करायची होती
आणि ती बसली होती सरळपणाचा हट्ट धरून.

कान तुटलेल्या परातीत मी वाळू तापवली.
पाण्याचा थेंब टाकला तर चुर्र होईल, इतकीच.
नळीच्या एका तोंडाला कणकेचं बूच,
गाळणं लावून वाळू आत, वर दुसरं बूच.
पुढच्या खोलीत आर्पिनेनं
लाकडी जमिनीत एक खिळा ठोकला,
खिळ्याला सुतळी, सुतळीला खडू.
एक कमान एक मीटर ऐंशीची,
तिच्याबाहेर दुसरी, दोन मीटर चाळीसची.
कडेकडेनं खुंट्या.
आणि ती आडमुठी नळी, पोटात ऊब गेल्यावर,
खुंट्यांना टेकत टेकत
झोपाळू पोरासारखी वळली.
बुचं तिथल्या तिथे भाजली. त्सोलाकनं एक खाल्लं.

सांध्यांसाठी माझं जुनं लाटणं कापलं.
(विचारलं नाही. कापल्यावर सांगितलं.)
चाकं आर्पिनेच्या लहानपणच्या स्केटची,
गुलाबी, एकावर अजून चांदणी चिकटलेली.
पहिल्या फेरीत गाडी हातभर गेली आणि अडली.

म्कर्तिच दारातून बघत होता.
चाळीस वर्षं रेल्वेत गँगमन,
उद्याच्या शॉटमध्ये खुर्चीवर बसणारा तोच.
"चाकं घट्ट आवळलीत," तो म्हणाला,
"वळणावर बोल्ट जरा सैल सोडावा."
मग उकिडवा बसून त्यानं दोन्ही नळ्या वितीनं मोजल्या.
पाव वर्तुळच, पण बाहेरची
जवळजवळ मीटरभर जास्त.
"बाहेरच्याला नेहमी जास्त चालावं लागतं," तो म्हणाला,
आणि टोपी चढवून घरी गेला.

खिळ्याच्या जागी खुर्ची ठेवली.
प्रकाश बघायला कुणीतरी हवं म्हणून मी बसले,
हाताला पीठ, डोक्याला फडकं.
आर्पिने कॅमेऱ्यामागे वाकली, त्सोलाकनं ढकललं.
खडखड नाही. दळण पडावं तसा बारीक आवाज.

मग त्यांनी दाखवलं.
मी मध्ये, तेवढीच मोठी, तेवढीच लांब, जागची न हललेली.
माझ्यामागून सगळी खोली चालत गेली.
कॅलेंडर गेलं. कपाट गेलं.
वजनकाटा, खिडकी, खिडकीतला बर्फ,
आणि शेवटी खुंटीवरचा तो कोट.
समाराला जाताना, तिथे नवा घेईन म्हणाला होता.
अकरा वर्षं मी त्या कोटावरून फडकं मारते,
पण माझ्या खांद्यामागे तो दिसतो कसा
हे बघायला मी कधी तिकडे गेलेच नव्हते.

"कोट काढू का मावशी? फ्रेममध्ये येतोय."
मी म्हटलं, येऊ दे.

पहाटे चारला पुन्हा जाळ केला.
नळ्या भिंतीशी टेकून, वाकलेल्या, गार.
नवाला शिक्षिकाबाई लवाश घेऊन परत आल्या,
दाताखाली वाळू लागली म्हणाल्या.
मी माफी मागितली, दोन जास्त दिल्या,
आणि त्या गेल्यावर
परातीची कड बोटानं पुसून पाहिली.
अजून लागत होती.