माया

वहीचं पान एकशे बारा.
शेलार मकरंद, गाव केळघर, इयत्ता सहावी.
छाती पंचवीस, कंबर बावीस,
खाली त्याच्या आईचं वाक्य, मीच टिपून ठेवलेलं :
"माया सोडा भरपूर. पोरगं वाढणारंय."

आमच्या धंद्यात मायेला इंच असतात.
मी तीन सोडले.

सैनिक स्कूलची खाकी घेऊन दर जूनला यायचा
मेढ्याच्या एसटीनं. मी उसवायचो,
तो टेबलाखाली बसून खडूचे तुकडे खिशात भरायचा.
एखादा राहिला तर दारातून मागं फिरायचा.
पँटच्या तळाशी जुन्या घडीच्या रेघा,
धुऊनही न जाणाऱ्या. एक, दोन, तीन.

मग खडकवासला. तिकडचे टेलर मोठे.
लग्नाचा कोट मात्र इथंच, मोती चौकात.
हात पसरून उभा राहिला तेव्हा
खांद्यावर एक शिवण दिसली, डॉक्टरची, घाईतली.
"काका, टाका तुमच्याइतका सरळ नाही. चालवून घ्या.
आणि आता माया नको. आता कुठं वाढतोय मी?"
ऐकलं नाही. अर्धा इंच सोडलाच.

पेपरात आलं ते एवढंच :
धुकं, नाला, पलीकडे पडलेले दोन जवान.
एकाला मेजर शेलारांनी आणलं.
दुसऱ्यासाठी परत गेले.
"परत"पाशी मी कात्री खाली ठेवली.
लोक म्हणाले, शौर्य. असेल.
मला तो दारातून मागं फिरणारा दिसला.

पेटीवर तिरंगा घट्ट,
चारी कोपरे नेटके,
कुठंही माया न सोडलेला.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी
गजराआक्का आल्या. पदक रुमालात.
"जड आहे हो. पदर ओढतो खाली.
आम्ही उजवीकडं लावायचं असतं म्हणे.
डावी बाजू ज्याची त्याची."
पिशवीतून साडी काढली. साडीखाली ती खाकी.
"ह्यातलं लावा आतून."

चौथी घडी मी कधी उसवलीच नव्हती.
तोवर तो गेला होता.
आता उसवली. आतला रंग
ताग्यावरचा असावा तसा. ऊन न लागलेला.
तेवढाच तुकडा कापला, पदरामागं टाचला,
पदक पेलेल इतका.

"मजुरी?"
मी वही उघडली. पान एकशे बारा.
मापांखाली जागा होती.
तारीख घातली.
पुढं काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.