ठराव क्रमांक सात

महासंघातून बाहेर पडायचं की नाही,
चिठ्ठ्या मीच मोजल्या.
एक्केचाळीस विरुद्ध अडतीस.

अनुदान जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
टेंभेकरांनी आकडा फळ्यावर लिहून ठेवला होता,
कुणी पुसलासुद्धा नाही.

मग का?
कुमुदिनीबाई म्हणाल्या,
"वाचनालय नऊला उघडायचं
हे भोपाळहून कळवतात हो.
ऊन तर सातलाच येतं
इथे, रामबागेत, आपल्या ओट्यावर."

मी राहण्याच्या बाजूचा. अजूनही.
तरी आज कुलूप काढताना
किल्ली हाताला वेगळी लागली,
आणि इंदूर अजून आळस देत होतं.

वर्तमानपत्रं आता पाचाऐवजी दोन.
कुमुदिनीबाई उन्हात बसून होत्या,
नंबर यायची वाट बघत.
तक्रार नव्हती.
चष्मा तेवढा दोनदा पुसला.