चिकट राहिलेलं बोट

भिवापूरच्या अलीकडे, मिरचीच्या सातऱ्यामागे
माझी एक खोली. भिंतीवर आठ बोटं टांगलेली,
अजून कोणाचीच नसलेली.

नागपूरहून दोन डबे आणतो मी, एसटीत मांडीवर घेऊन.
एकात सिलिकॉनच्या लांब साखळ्या, टोकाशी
दोन कार्बन, दोन्ही हातांनी एकमेकांना धरलेले.
दुसऱ्यात सिलिकॉनला सैलसर लागलेला हायड्रोजन.
नुसते मिसळले तर वर्षभर शेजारी बसतील,
पंगतीत अनोळखी माणसं बसतात तसे.

पण पहिल्या डब्यात प्लॅटिनम असतं.
किती? पोतंभर तांदळात
वीस-पंचवीस दाणे.
ते सिलिकॉन-हायड्रोजनच्या मधे शिरतं,
दोघांना क्षणभर अंगावर घेतं,
कार्बनचा एक हात सोडवून
हायड्रोजन इकडे, सिलिकॉन तिकडे लावून देतं
आणि निघतं. पाणीसुद्धा न पिता.
पुढचं घर. त्याच्या पुढचं.

रुखमा उईकेची तर्जनी मिरची-कांडपात गेली.
साचा घेतला तिच्या बहिणीच्या बोटाचा.
"आमचे बोटं सारखेच हाय, सर."
रंग जुळवायला दुपार गेली:
गेरू, जरा काळा, नखाशी किंचित गुलाबी.

सकाळी साचा उघडला तर
आत काकवी.
पुन्हा ओतलं. पुन्हा काकवी.
डबे बदलले. दुकानदाराला फोनवर
नको ते बोललो.

तिसऱ्या दिवशी रुखमाच म्हणाली,
"मैना त्या दिशी मिरचीवर गंधक उडवून आलती, सर.
हात धुतले नसन तिनं. तिचं असंच हाय."

गंधक.
भुरीवरचं साधं औषध, चिमूटभर पिवळं
साच्याच्या रेषारेषांत बसलेलं.
त्यानं प्लॅटिनमला असं धरलं होतं
की त्याला पुढच्या घरी जाताच येईना.
एम.एस्सी.ला हे मी पाठ केलं होतं,
आठ गुणांसाठी.

मैनानं हात धुतले, दोनदा, रागानं.
नवा साचा.
शुक्रवारी बोट निघालं, कोरडं, लवचिक.

"यानं देठ खुडता येईन?"
नाही.
"मंग?"
मी काही बोललो नाही. तिनं ते खुंटावर चढवलं,
अंगठ्यानं दाबून पाहिलं.
मला वाटलं, सांगावं:
यात प्लॅटिनम राहिलंय, सोन्याच्या जातीचं.
"कुठी?"
दिसणार नाही इतकं.
"मंग मैनीले सांगू नका," ती म्हणाली,
आणि हात पदराखाली घेऊन
सातऱ्याकडे निघाली.