चतुःसीमा

बँकेतल्या बाई चांगल्या होत्या, बसा म्हणाल्या.
फाइल चाळून म्हणाल्या, सगळं आहे,
फक्त वकील आमच्या यादीतला हवा.

मी म्हणलं, मुनीरोद्दीन वकील आहेत की,
निम्म्या सेलूचे कागद त्यांच्या हातून गेलेत.
होते, म्हणाल्या. आता यादी वरून येते.
एकट्यानं वकिली करणाऱ्यांची नावं काढलीत,
ऑफिसात तिघं तरी पाहिजेत.

त्यांच्याकडं तिघं कुठले?
एक ते, एक पंखा,
आणि एक मांजर,
तेही खालच्या झेरॉक्सवाल्याचं.

यादीतले वकील संभाजीनगरला.
फी आधी, मग फाइल.
मन्मथअप्पांच्या दोन खोल्या, पत्र्याची पडवी,
नळ, मोरी, मोरीजवळचा शेवगा,
सगळं एका पिवळ्या पाकिटात बसलं
आणि कुरिअरनं गेलं.

इसार दिला होता एक लाख.
कुठून आणला ते इथं लिहीत नाही.
मुदत पंचेचाळीस दिवस.

मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासते.
मला वाट पाहायची सवय नाही,
मी वाट पाहायला लावते.
काचेपलीकडून लोक विचारतात, आला का रिपोर्ट?
मी मान वर न करता म्हणते, चारनंतर.

एकोणिसाव्या दिवशी फोन. कुणी ज्युनिअर,
आवाज अजून कॉलेजातलाच.
मॅडम, एक कागद लागत नाही.
फसली तेराशे सत्तावन्न. उर्दू असेल.
इथं वाचणारं कुणी नाही.
मराठीत करून पाठवता का?
साधं टाइप केलेलं चालेल, म्हणाले सर.

म्हणजे पुन्हा तोच जिना.

मुनीरोद्दीन वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद नाकाशी धरला,
आणि मी स्लाइडवर पेशी मोजते तसं त्यांचं बोट
एकही न सोडता निघालं.

पूर्वेस हणमंता कासाराचं घर.
पश्चिमेस सरकारी वाट.
दक्षिणेस विकणाराचीच पडीक जागा.
उत्तरेस आड.
इथं ते थांबले, उजेडाकडं वळले.
आडावर लिंबाजी साळ्याच्या घरच्यांना
पाणी भरायचा हक्क,
नसलन बाद नसलन.
पिढीमागून पिढी, बेटा.

आड कधीच बुजला.
त्यावर मन्मथअप्पांची मोटारसायकल उभी असते.

यादीत असतो तर हे लिहिलं असतं, ते म्हणाले.
मग साळ्याच्या नातवाला बोलावून, चहा पाजून
दहा ओळींचं ना-हरकत घेतलं असतं.
एका दुपारचं काम.

पाचशे घेतले. पावती दिली नाही.
पावतीवर शिक्का लागतो,
आणि माझा शिक्का दिसला
तर तुझं कर्ज अडेल.

बावन्नाव्या दिवशी रिपोर्ट आला.
तोवर इसाराची मुदत टळली होती,
अप्पा गप्प होते, त्यांच्या सुनेनं वीस हजार वाढवले,
आणि व्याजाचा दर पाव टक्का चढला,
वीस वर्षांसाठी.

सात पानं. मध्ये माझंच मराठी,
माझ्या चुकीच्या स्वल्पविरामासकट.
फक्त आडाची ओळ नव्हती.
खाली तीन सह्या, कुणीच कधी सेलूत न उतरलेले,
आणि ठळक अक्षरांत: मालकी निर्वेध.

राहायला आलो.
आठव्या दिवशी नळ येतो.
साळ्यांची सून घागर घेऊन पडवीच्या कडेला
उगंच उभी राहते, सहज आल्यासारखी,
शेवग्याच्या शेंगा मोजत.
मी माझी बादली बाजूला घेते.
आधी तुझी भर.

लई मायाळू हाव तुम्ही, ती म्हणते.

मायाळू कसली.
कागद वाचलाय मी.